हातावर सॅनिटायझर कधी, किती आणि कसं: मुंबईच्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात इंटर्न, स्टाफ नर्स, वॉर्डबॉय किंवा आया म्हणून रुजू झालात की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी तुम्हाला बेसिनवरचं सहा चित्रांचं पोस्टर दाखवतं. हात असे चोळा, बोटं अशी अडकवा, अंगठा असा फिरवा. पोस्टर बरोबरच आहे. पण हात चोळायचे कधी, हे त्या चित्रांतून कळत नाही, आणि वॉर्डात सगळी गोची तिथेच होते. मी संसर्ग नियंत्रणाचं काम करते. नव्या मुलामुलींना कामाच्या जागी उभं राहून जे सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रुग्णाला हात लावून झाल्यावर हात साफ करायला कुणालाच शिकवावं लागत नाही. किळस वाटते, भीती वाटते, हात आपोआप बाटलीकडे जातो. हात लावायच्या आधी मात्र विसर पडतो, कारण त्या वेळी आपले हात आपल्याला स्वच्छच वाटत असतात. नंतरचं सॅनिटायझर मुख्यतः आपल्याला आणि पुढच्या खाटेला वाचवतं. समोरच्या रुग्णाला वाचवतं ते आधीचं. नवीन माणसाने सवय लावून घ्यायची ती या आधीच्या वेळेची.

पायरी १: सॅनिटायझर काय करतं ते समजून घ्या

अल्कोहोल जंतूचं बाहेरचं आवरण विस्कटून टाकतं आणि आतली प्रथिनं निकामी करतं. प्रथिनांवर काम करायला त्याला पाण्याची जोड लागते. म्हणून जवळजवळ शुद्ध अल्कोहोलपेक्षा ६० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल जास्त परिणामकारक ठरतं. ‘जितकं कडक तितकं चांगलं’ हा हिशोब इथे चालत नाही. योग्य प्रमाणातलं अल्कोहोल काही सेकंदांत बहुतेक जिवाणूंचा निकाल लावतं. त्यात आपल्या आयसीयूंना छळणारे क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरही आले. हे जंतू अँटिबायोटिकला दाद देत नसले तरी अल्कोहोलला देतात, कारण दोघांची मारण्याची तऱ्हाच वेगळी आहे. कितीही भारी औषधं संपली तरी हातावरचा रब (वॉर्डात अल्कोहोलच्या सॅनिटायझरला हेच म्हणतात) त्यांच्यावर चालतो, हे रात्रपाळीत डोक्यात ठेवण्यासारखं आहे.

पण अल्कोहोल उडालं की त्याचं काम संपलं. मागे काही उरत नाही. हात कोरडे झाले त्या क्षणी ते स्वच्छ असतात, आणि पुढच्या वस्तूला लागले की तिथले जंतू पुन्हा हातावर येतात. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मिसळलेल्या रबचा परिणाम काही काळ टिकतो, तरी त्याच्या भरवशावर मधलं चोळणं टाळायचं नाही. वॉर्डाच्या दारात एकदा हात चोळले आणि मग सगळ्या खाटा फिरून आले, याला काडीचाही अर्थ नाही.

याने खरंच फरक पडतो का, असं पुष्कळ जण विचारतात, आणि विचारायलाच हवं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या अखेरीपासून हात स्वच्छ ठेवण्याची मोहीम चालवली, आणि तिचा मोठा भर खाटेजवळ रब ठेवण्यावर होता. गरजेच्या वेळी हात स्वच्छ करण्याचं प्रमाण १९९४ मध्ये ४८ टक्के होतं, ते १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेलं. रुग्णालयात लागणाऱ्या संसर्गाचं प्रमाण १९९४ मधल्या १६.९ टक्क्यांवरून १९९८ मध्ये ९.९ टक्क्यांवर उतरलं. श्रेय एकट्या बाटलीचं नव्हतं. भिंतीभिंतीवर पोस्टर होती, निरीक्षण होतं, निरीक्षणात काय दिसलं ते कर्मचाऱ्यांना सांगितलं जात होतं. पण साबणाने हात धुण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं आणि जी वाढ झाली ती रबने झाली. बेसिनपर्यंत जायला वेळ नसलेली माणसं खाटेजवळची बाटली मात्र वापरतात, हे तिथे दिसलं. आपल्या वॉर्डांत तर ते शंभर टक्के लागू पडतं.

पायरी २: बाटली उघडण्याआधी लेबल वाचा

वॉर्डात सगळेच ‘स्टरिलियम दे गं’ म्हणतात, बाटली कुठल्याही कंपनीची असो. बोलायला हरकत नाही, पण हातात काय आलं आहे ते बघा. लेबलवर इथेनॉल, आयसोप्रोपाइल किंवा प्रोपेनॉल यांपैकी काय आहे आणि किती टक्के आहे ते लिहिलेलं असावं. जागतिक आरोग्य संघटनेची दोन सूत्रं आहेत: एकात ८० टक्के इथेनॉल, दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल. दोन्हींत १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, ते त्वचेसाठी. शिवाय ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते हातावरच्या जंतूंसाठी नसून द्रावणात किंवा बाटलीत आधीच शिरलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी असतं. एवढं साधं आहे सगळं. वास, रंग, फेस यांवरून गुणवत्ता ठरत नाही.

‘अल्कोहोल फ्री’ लिहिलेली बाटली रुग्णाच्या खाटेजवळ नको. घरात, प्रवासात ज्याला जे रुचेल ते वापरावं. वॉर्डात अल्कोहोलचाच रब.

लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत नसेल तर ती बाटली वापरू नका. इन्चार्ज सिस्टरला दाखवा. कोविडच्या काळात बाजारात काय काय आलं होतं ते विसरून चालणार नाही. २०२० मध्ये मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेने १२२ सॅनिटायझर तपासले, त्यांतल्या ४५ मध्ये भेसळ निघाली आणि ५ मध्ये मिथेनॉल सापडलं. मिथेनॉल विषारी आहे. ते पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो. वासावरून ते ओळखता येत नाही, म्हणून कागदपत्रं असलेलीच बाटली.

अर्धी बाटली संपली की मोठ्या कॅनमधून वरच्या वर भरायची, ही सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंद करा. जुन्यावर नवं ओतत राहिलं की बॅच कुठली, मुदत कधीची, काही कळत नाही. झाकण उघडं राहिलं तर अल्कोहोल उडून टक्केवारीही घसरते. ‘जास्त दिवस पुरावं’ म्हणून पाणी घालणं हा तर रुग्णावर अन्याय आहे. तसं करताना कुणी दिसलं तर तिथेच थांबवा.

पायरी ३: हात मोकळे करा

ड्यूटीवर येताना अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवा. अंगठीखालच्या त्वचेवर आजूबाजूपेक्षा जास्त जंतू सापडतात, आणि रब तिथपर्यंत पोहोचत नाही. हा विषय आपल्याकडे नाजूक आहे. हिरवा चुडा भरलेली नवी नवरी ड्यूटीवर आली की तिला बांगड्या काढ म्हणायला सिस्टरनाही जड जातं. माझं म्हणणं असं की हे आधीच, घरातून निघण्यापूर्वी, घरच्यांना समजावून यावं. मंगळसूत्राला कुणाची हरकत नाही. ते फक्त युनिफॉर्मच्या आत राहू दे, वाकल्यावर रुग्णाच्या अंगाला लागता कामा नये.

मनगटावरच्या धाग्याचं काय, हे विचारणारे कमी आणि बांधणारे जास्त. रक्षाबंधनानंतर कित्येक दिवस वॉर्डात राख्या दिसतात. नवसाचा गंडा असतो, देवळातला लाल दोरा असतो. हा दोरा दिवसभर भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. त्यात रक्ताचा थेंब गेला तरी दिसत नाही, आणि रबने तो स्वच्छ होत नाही. श्रद्धा मोडायला मी सांगत नाही. तो दोरा दंडावर बांधा, बाहीच्या आत राहील असा.

नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवा. चिकटवलेली कृत्रिम नखं रुग्णालयात अजिबात चालत नाहीत. नवजात बाळांच्या आयसीयूत अशा नखांमुळे संसर्ग पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हातावर जखम असेल तर ती पाण्याने न भिजणाऱ्या पट्टीने झाकून कामाला लागा.

पायरी ४: पुरेसं घ्या आणि वाळेपर्यंत चोळा

एका थेंबात काही होत नाही. तळहाताचा खळगा भरेल एवढं घ्या, साधारण ३ मिली. हात मोठे असतील तर आणखी. खूण सोपी आहे: चोळताना हात २० ते ३० सेकंद ओले राहिले पाहिजेत. दहा सेकंदांत कोरडे झाले तर कमी घेतलं होतं. पुन्हा घ्या. पंप एकदा दाबून किती येतं ते प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. कुठे एकदा दाबून पुरतं, कुठे दोन-तीनदा दाबावं लागतं. नव्या वॉर्डात पहिल्या दिवशी हे बघून ठेवा.

क्रम असा. तळव्यावर तळवा. मग उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर, बोटं बोटांत घालून, आणि नंतर उलट. पुन्हा तळव्यावर तळवा, बोटं एकमेकांत गुंतवून. मग बोटं आकड्यासारखी अडकवून त्यांच्या पाठी समोरच्या तळव्यावर. मग अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा, दोन्ही हातांचा. शेवटी पाचही बोटांची टोकं जुळवून तळव्यावर गोल गोल.

अंगठे आणि बोटांची टोकं या दोन जागा हमखास सुटतात. आणि रुग्णाला सगळ्यात आधी टेकतात त्या याच. नाडी बघताना बोटांची टोकं, सलाईनची कळ फिरवताना अंगठा, इंजेक्शनच्या आधी शीर चाचपताना पुन्हा टोकंच. माझा सल्ला असा: घाईच असेल तर सुरुवात शेवटच्या पायरीपासून करा. रब तळव्यात घेतल्या घेतल्या आधी बोटांची टोकं त्यात बुडवा, मग बाकीचं. अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन तुमच्या प्रशिक्षणात वापरलं तर एकदा आपले हात नीट बघून घ्या. न चमकणारा अंगठा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की तो पुन्हा सुटत नाही.

हात आधी पाण्याने ओले असतील तर रब पातळ होतो. आधी पुसून कोरडे करा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतल्या दमटपणामुळे हात वाळायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. तेव्हा ते ॲप्रनला पुसण्याचा मोह होतो. पुसायचे नाहीत, हवेत झटकायचेही नाहीत. चोळत राहा, वाळतात.

पायरी ५: नेमकी वेळ साधा

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त, लघवी वगैरे शरीरद्रवाशी संबंध आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पाठ करायला ही यादी ठीक आहे. प्रत्यक्षात ती कशी लागू होते हे एका खाटेवर बघू.

मेडिसिनच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. लघवीचा कॅथेटर आहे, हातात आयव्ही (शिरेतली सलाईन) चालू आहे. तुम्ही पडदा सरकवता. केस पेपर उचलता. खिशातलं पेन काढता. मोबाईल वाजतो, तो बंद करता. आता नाडी बघायची. या घडीला तुमच्या हातावर पडद्याचे, केस पेपरचे, पेनचे आणि मोबाईलचे जंतू आहेत. तुम्ही वॉर्डात शिरताना हात चोळले होते, पण ते चार वस्तूंपूर्वी. म्हणून रब इथे घ्यायचा: पडदा, कागद, पेन, फोन सगळं उरकल्यावर आणि आजोबांच्या मनगटाला हात लागण्याच्या अगदी आधी. मध्ये काहीही नाही.

नाडी झाली, बीपी झालं. आता आयव्हीतून अँटिबायोटिक द्यायचं आहे. आजोबा तेच, खाट तीच, मग पुन्हा रब कशाला? कारण त्यांच्याच कातडीवरचे जंतू आता थेट रक्तात जाऊ शकतात. आयव्हीच्या कळीला हात लावण्याआधी रब, आणि कळीचं तोंडही अल्कोहोल स्वॅबने घासून वाळू द्यायचं. ही दुसरी वेळ सगळ्यांत जास्त चुकते. मला विचाराल तर पाचांतली सगळ्यात महत्त्वाची हीच.

मग लघवीची पिशवी रिकामी करायची. ग्लोव्हज घालून करा, ग्लोव्हज काढा, लगेच हात. मग पांघरूण सारखं केलं, उशी नीट लावली, निघताना पुन्हा रब. आणि आजोबांना अजिबात हात न लावता नुसता खाटेचा कठडा वर केला, सलाईनचा पंप बंद केला, लॉकरवरचा ग्लास सरकवला, तरीही निघताना रब. कोरड्या पृष्ठभागावर ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू आठवडेच्या आठवडे तग धरतात. कठडा दिसायला स्वच्छ असतो, एवढंच.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. तीस खाटांचा वॉर्ड आणि एकच सिस्टर, हे चित्र मुंबईला नवं नाही. एक सोय लक्षात ठेवा: एका रुग्णाकडून सरळ दुसऱ्याकडे जाताना मधला एकच रब पहिल्याच्या ‘नंतर’चा आणि दुसऱ्याच्या ‘आधी’चा, असा दोन्ही धरला जातो. अट एवढीच की मध्ये कशालाही हात लागता कामा नये. तीस रुग्णांचा बीपीचा राऊंड, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे पंधरा मिनिटं. तेच साबणाने करायचं तर नुसतं धुण्यालाच ४० ते ६० सेकंद लागतात, बेसिनपर्यंतची ये-जा वेगळी. त्यात बेसिनशी कुणाचा तरी डबा धुणं चाललेलं असतं. म्हणून बाटली ट्रॉलीवर, खाटेच्या पायथ्याशी किंवा स्वतःच्या खिशात हवी. हात लांबवला की मिळेल इतकी जवळ.

जमिनीवरच्या गाद्यांचं वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात ताप, लेप्टो, डेंग्यूचे रुग्ण वाढले की दोन खाटांच्या मध्ये गादी येते. पोस्टरवरच्या चित्रात एक खाट आणि तिच्याभोवती रिकामी जागा असते. तुमच्यासमोर तसं नसतं. तेव्हा हद्द मनाने आखा. प्रत्येक रुग्णाची गादी, त्याचा सलाईनचा स्टँड, त्याची पिशवी आणि त्याच्या नातेवाइकाची चटई हे त्याचं घर. एका घरातून दुसऱ्यात हात गेला की मध्ये रब, मग दोघांत वीतभरच अंतर का असेना. एकाच खाटेवर दोन बाळं ठेवायची वेळ आली तर तीही दोन घरंच.

पायरी ६: सॅनिटायझर कुठे चालत नाही

हातावर डोळ्याला दिसणारी घाण, रक्त, पू, शी, मलम असेल तर साबण आणि पाणी. रब त्या थराखाली पोहोचत नाही. स्वच्छतागृहातून आल्यावरही साबणच.

जुलाबाचा रुग्ण असेल तर साबणाकडेच वळा, आणि तेही ग्लोव्हज घातले होते तरी. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू अनेक दिवस अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णाला जुलाब लावतो. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, धुऊनच काढावे लागतात. नोरोव्हायरस आणि हेपटायटिस ए यांसारख्या, बाहेर चरबीचं आवरण नसलेल्या विषाणूंवरही अल्कोहोलचा जोर कमी पडतो. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि काविळीच्या रुग्णांनी वॉर्ड भरतात, कस्तुरबासारख्या साथरोग रुग्णालयात तर ते दर वर्षीचंच. त्या दिवसांत साबणाचा साठा आणि नळाला पाणी या दोन गोष्टी सकाळीच तपासा. पाणीकपात असेल तर झाकणाची आणि तोटीची टाकी भरून ठेवायला मामांना (वॉर्डबॉयना) सांगून ठेवा. बादलीत मग्गा बुडवून सगळ्यांनी हात धुणं म्हणजे धुणं नव्हे.

क्षयरोगासाठी हातांच्या भरवशावर राहू नका. तो हवेतून पसरतो. तिथे एन-९५ मास्क, उघड्या खिडक्या आणि रुग्णाच्या तोंडावर मास्क लागतो. हात चोळायचेच, पण त्याने टीबी अडत नाही.

सुई टोचली तर जखमेवर सॅनिटायझर ओतू नका आणि बोट पिळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत कळवा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते दोन तासांच्या आत सुरू होणं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. लाजेने किंवा ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

आणि साबणाने धुऊन लगेच रब, रबनंतर लगेच साबण, असं दोन्ही करत बसू नका. गरज एकाचीच असते. दोन्ही केल्याने फक्त कातडी सोलते.

पायरी ७: ग्लोव्हज म्हणजे दुसरी कातडी नव्हे

कोविडनंतर ही सवय फार वाढली: ग्लोव्हजचा एकच जोड घालून अख्खा वॉर्ड फिरायचा आणि मध्ये मध्ये ग्लोव्हजवरच सॅनिटायझर चोळायचं. ग्लोव्हजला बारीक छिद्रं असू शकतात, काढताना हात बरबटतात, आणि अल्कोहोलने साध्या ग्लोव्हजचं रबर खराब होतं. ग्लोव्हज एका रुग्णाच्या एका कामापुरते. घालण्याआधी रब, हात पूर्ण वाळल्यावर ग्लोव्हज, काढल्यावर पुन्हा रब. पावडरचे ग्लोव्हज असतील तर काढल्यावर रब घेताना हाताला खरखरीत थर येतो. तेव्हा साबणाने धुवा. बीपी बघायला, ताप बघायला, रुग्णाला उठवून बसवायला सहसा ग्लोव्हज लागतच नाहीत. मोकळा आणि नीट चोळलेला हात तिथे जास्त बरा, आणि रुग्णालाही माणसाचा हात लागतो.

पायरी ८: बाटलीचा धोका ओळखा

८० टक्के इथेनॉलच्या रबची वाफ १७.५ अंश सेल्सिअसला पेट घेऊ शकते, ७५ टक्के आयसोप्रोपाइलची १९ अंशांना. मुंबईत एसीबाहेर जवळजवळ बाराही महिने तापमान याच्या वर असतं. म्हणजे तुमच्या हातातली बाटली कायमच पेटण्याच्या अवस्थेत आहे. मोठे कॅन पॅन्ट्रीच्या गॅसजवळ, स्विचबोर्डखाली किंवा ऑक्सिजनच्या जोडणीजवळ ठेवू नका. ऑपरेशन थिएटरमध्ये कॉटरी (विजेने कातडी-मांस जाळण्याचं उपकरण) सुरू होण्याआधी हात आणि रुग्णाची कातडी पूर्ण वाळलेली असावी. दिवाळीत वॉर्डात पणती लावायची हौस असते. हाताला रब लागलेला असताना काडी ओढू नका.

सॅनिटायझर कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नका. २०२१ च्या ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये याच जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं दगावली. दोन्ही गोष्टी आपल्याच राज्यातल्या आहेत. लसीच्या, औषधाच्या ट्रेमध्ये रब ठेवायचा नाही. दारू सुटताना त्रास होत असलेला रुग्ण असेल किंवा मनोविकार विभाग असेल, तर बाटली खाटेजवळ न ठेवता तुमच्या खिशात ठेवा. मुलांच्या ओपीडीत भिंतीवरचा पंप मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर नसावा. डोळ्यात उडालंच तर भरपूर पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

मुस्लिम सहकाऱ्यांपैकी काहींच्या मनात अल्कोहोलबद्दल शंका असते, आणि ती विचारायला संकोचही वाटतो. सौदी अरेबियातल्या रुग्णालयांतही अल्कोहोलचा हँड रब वापरला जातो. एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेकांचं समाधान होतं.

पायरी ९: हातांची काळजी आणि मोठ्यांशी बोलणं

रब लावल्यावर आग झाली की नवीन माणूस म्हणतो, ‘मला याची ॲलर्जी आहे.’ बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. साबणाने, गरम पाण्याने आणि ओल्या हातांवर चढवलेल्या ग्लोव्हजने कातडी आधीच फाटलेली असते. अल्कोहोल तिथे झोंबतं आणि दोष त्याच्या नावावर जातो. ग्लिसरीनयुक्त रब एकूणात साबणापेक्षा कातडीला सौम्य असतो. ड्यूटी संपल्यावर आणि रात्री झोपताना साधं मॉइश्चरायझर लावा. चिरा पडत असतील, पुरळ येत असेल, तर त्वचाविकार ओपीडीत दाखवा आणि वॉर्डात कळवा. फाटलेल्या हातांत जंतू जास्त राहतात, त्यामुळे हा केवळ तुमचा खासगी प्रश्न नाही.

आता अवघड भाग. राऊंड चालू आहे, पुढे सर, मागे रजिस्ट्रार, त्यांच्या मागे तुम्ही. सर एका जखमेचं ड्रेसिंग उचलून बघतात आणि तोच हात घेऊन पुढच्या खाटेकडे वळतात. जिनिव्हाच्या त्या अभ्यासातही सुधारणा दिसली ती परिचारिका आणि मदतनिसांमध्ये. डॉक्टरांचं प्रमाण कमीच राहिलं. तेव्हा हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. पण सगळ्यांत लहान माणसाने सगळ्यांत मोठ्याला टोकायचं कसं?

टोकू नका, बाटली पुढे करा. ‘सर, रब,’ एवढंच. सर दोन खाटांच्या मध्ये असतानाच, पुढच्या रुग्णाला हात लागायच्या आधी. रुग्णासमोर उपदेश नको, आवाज चढवायला नको. बहुतेक जण मुकाट्याने हात पुढे करतात. एखादे सर चिडले तर वाद घालू नका, राऊंडनंतर इन्चार्ज सिस्टरच्या किंवा संसर्ग नियंत्रण समितीच्या कानावर घाला. ती समिती त्यासाठीच असते. तुमच्याहून नवख्या मुलीने तुमच्यापुढे बाटली धरली तर तुम्हीही हात पुढे करा आणि तिला ‘बरं केलंस’ म्हणा. मावशी (आया) आणि मामांनाही हे शिकवा. स्ट्रेचर, बेडपॅन, खाटेचे कठडे सगळ्यांत जास्त त्यांच्या हातून जातात, आणि प्रशिक्षणाच्या वेळी त्यांनाच बाहेर ठेवलं जातं. पोस्टर वाचता येत नसेल तर शेजारी उभं राहून करून दाखवा, मराठीत किंवा त्यांच्या भाषेत.

राहिला साठा. बाटली रात्री दोन वाजता संपते आणि स्टोअर सकाळी उघडतं, हे दर वॉर्डात घडतं. संध्याकाळच्या पाळीत येताच प्रत्येक बाटली हलवून बघा, तळाला गेली असेल तर तेव्हाच दुसरी मागवा. मिळाली नाही तर शेजारच्या वॉर्डातून आणा आणि हँडओव्हर बुकात तारीख-वेळेसह लिहा. तोंडी तक्रार सकाळपर्यंत हवेत विरते, लिहिलेली नोंद पुढच्या महिन्याच्या इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) आकडा वाढवते. स्वतःच्या खिशात मूळ लेबल असलेली १०० मिलीची एक भरलेली बाटली ठेवा, तिच्यावर ‘हँड रब’ असं ठळक लिहून.